थोरलीच्या तळ्याचा काठ

त्या घरात थोरल्या सुनेने स्वतःसाठी काही मागितल्याचं कुणाला आठवत नव्हतं. मागणी असायची, पण ती दुसऱ्या कुणाच्या नावावर. सासऱ्यांना नवा चष्मा, नवऱ्याला लोकरी बनियन, धाकट्या जावेच्या बाळंतपणात खोलीला पंखा. स्वतःसाठी तिने मागितली ती एकच गोष्ट, आणि तीही पन्नाशी दारात आल्यावर. घरामागचा खड्डा.

खड्डा सासऱ्यांच्या वीटभट्टीचा. माती काढून काढून तो इतका खोल आणि लांबरुंद झाला होता की भट्टी बंद पडल्यावर त्यात पाणी साठलं ते साठलंच. फुटकी बादली, मोडकी खुर्ची, जुना टायर, जे कुणाला नको ते त्याच्या पोटात जायचं. थोरली स्वयंपाकघराच्या खिडकीशी भांडी घासता घासता त्याच्याकडे बघत असायची. एक दिवस सगळे जेवायला बसले असताना ती म्हणाली, "तो खड्डा मला द्या. मी त्यात मासे पाळणार."

धाकट्या दिराला ठसकाच लागला. "वहिनी, तुम्हाला साधं पोहता येत नाही!"

"पोहायचंय माशांना, भाऊजी. मी काठावर उभी राहणार."

सासूबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि "देऊन टाका, नाहीतरी डासच होतात तिथे," असं म्हणून विषय संपवला. त्या घरात विषय सासूबाईच संपवत.

थोरलीने खड्ड्यातून टायर काढले, गाळ उपसला, काठ चोपून घेतले, पिलं आणून सोडली. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून ती डुलत डुलत काठावरून फिरायची, म्हणून दिराने तिचं नाव बदक ठेवलं. धाकटी जाऊ तोंडावर पदर धरून हसायची. थोरली हसण्याकडे कानाडोळा करायची. खड्ड्याला तळं म्हणायचं हे मात्र तिने सगळ्यांना लावूनच सोडलं. कुणी चुकून खड्डा म्हटलं की ती ऐकूच आलं नाही असं दाखवायची.

आता दिराचं. त्याचा धंदा खुर्च्या भाड्याने देण्याचा. समारंभ, सभा, बारसं, निरोप, जिथे माणसं बसायची तिथे त्याच्या खुर्च्या. त्यांच्याबरोबर दिवे, तंबू आणि एक जनरेटर. धंदा वाढला तशा खुर्च्या घरात शिरल्या. आधी ओसरीत, मग बैठकीत, मग जिन्याखाली. रात्री पाणी प्यायला उठलेल्या माणसाला त्यांच्या चळतींमधून अंग चोरून जावं लागे. दिराला शेड हवी होती, आणि शेडसाठी जागा एकच होती. मागची.

तळ्याने त्याला आयती संधी दिली. गेल्या वर्षी काठावर तण माजलं. कडेला कमरेइतकं गवत आणि पाण्यात पाय रोवून उभी पाणकणसं, तपकिरी मखमली कणसांची, माणसाच्या डोक्यावरून जाणारी. त्यातून जाळं ओढता येईना. "मी करतो बंदोबस्त," म्हणत दिराने घरापुढच्या अंगणात मारायचं तणनाशक पंपात भरलं आणि एका सकाळी चारही बाजूंनी फवारून मोकळा झाला. तण मेलं. पण त्याबरोबर मासेही मेले. पांढरी पोटं वर करून ते पाण्यावर आले ते बघून थोरली खिडकी बंद करून आत गेली, आणि दोन दिवस तिने ती उघडली नाही. मेलेले मासे टोपल्यांत भरून दिरानेच पुरले. त्यानंतर कितीतरी दिवस जेवणात मासा असला की तो ताटावरून उठायचा. पण तोंडाने म्हणायचा, "पाणीच वाईट आहे त्या खड्ड्याचं. भराव टाकून मोकळं व्हावं."

थोरलीने पुन्हा पिलं सोडली. ती वाढली, तसं तणही वाढलं. पाणकणसं पुन्हा तरारून उभी राहिली तेव्हा दिराने जेवताना विषय काढला, आणि सासूबाईंनी तो संपवला तो असा: "या वेळी जाळं ओढून दाखव. मासे निघाले तर तळं तुझं. नाही निघाले तर माती भरायची, आणि मग रडायचं नाही."

"रडणार नाही," थोरली म्हणाली. नवऱ्याने तिच्याकडे बघितलं आणि मुकाट्याने भात कालवला. तो भला माणूस होता, पण जेवताना वाद आला की त्याचं सगळं लक्ष भातात जायचं.

दुसऱ्या दिवशी थोरलीने काठावरचं प्रत्येक जातीचं तण थोडं थोडं उपटलं, ओल्या पंच्यात गुंडाळलं आणि बियाणं-औषधांच्या दुकानात जाऊन काउंटरवर उलगडलं.

"काकू, भाजी विकायला आलात का?" दुकानदाराने विचारलं.

"हे मारायला काय देता ते सांगा. तळ्याच्या काठाचं आहे."

त्याने न बघताच मागून एक डबा ओढला. "हे न्या. सगळे हेच नेतात."

थोरलीने डबा फिरवला. अक्षरं मुंगीएवढी होती. तिने पिशवीतून चष्मा काढला, तो पुसला, आणि मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचा घसा दोनदा खाकरून होईपर्यंत लेबल वाचलं. मग बोट ठेवून म्हणाली, "यात लिहिलंय, पाण्याच्या साठ्याजवळ वापरू नये."

"असं सगळ्यांवरच लिहिलेलं असतं."

"सगळ्यांवर असेल तर सगळेच दाखवा. मला घाई नाही."

मागच्या गिऱ्हाइकाला होती. दुकानदाराने कपाळाला आठ्या घालून आत हाक मारली आणि त्याची बहीण बाहेर आली. जाड काचांचा चष्मा, हाताला शाई. ती शेतीचं शिकलेली होती आणि आतल्या खोलीत मागणीचं काम बघायची. तिने पंच्यातलं तण बघितलं आणि तिचा चेहरा खुलला, एखाद्याने तिच्यासाठी फुलं आणल्यासारखा.

"हे गवत आणि ही रुंद पानाची झुडपं हाताने निघतील," ती एकेक वेगळं करत म्हणाली. "आधी हाताने निघेल ते हाताने काढा. त्याला औषध कशाला? हे पाणकणीस मात्र निघणार नाही. वरून कापलं तर खालच्या मुळातून परत येईल. औषध फक्त याच्यासाठी. पाण्यात काय आहे?"

"मासे."

"पाणी जातं कुठे? पितं कोण?"

"भाजीच्या वाफ्याला तेच देतो. शेजारची गाय येते प्यायला, तिला कोण अडवणार!"

चष्मेवालीने फळीवरचे डबे एकामागून एक बाद करायला सुरुवात केली. ते ऐकताना थोरलीला वाटलं, ही बाई मुलीसाठी स्थळं बघतेय. "हा जमिनीत मुरून बसतो, पावसाबरोबर तळ्यात उतरेल आणि वाफ्यातली भाजी वाकडी होईल. नको. हा नुसती पानं जाळतो, मुळं खाली हसत बसतात. नको. आणि हा, जो दादाने दिला. हा पानातून मुळापर्यंत जातो, काम चोख करतो, पण पाण्याकाठी नको. औषध पानावर पसरावं, चिकटावं म्हणून त्यात जे मिसळलेलं असतं ना, ते माशांच्या कल्ल्यांना बाधतं."

"म्हणजे औषधापेक्षा चिकटवणारंच वाईट?"

"माशांच्या दृष्टीने पुष्कळदा तसंच. साबणासारखं असतं ते."

थोरली काउंटरशेजारच्या पोत्यावर बसली. त्या घरात कुठलीही फवारणी असो, पंपात मूठभर धुण्याची पावडर पडायचीच. सासऱ्यांची रीत ती. औषध पानावरून घसरू नये म्हणून. गेल्या वर्षी दिराने पंप भरला तेव्हाही सासूबाई मोरीतून पावडर घेऊन आल्या होत्या.

"आमच्याकडे धुण्याची पावडर घालतात," ती म्हणाली. "मूठभर."

"तळ्याकाठी?" चष्मेवालीने डोळे मोठे केले. "मूठभर म्हणजे किती?"

"सासूबाईंची मूठ मोठी आहे."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग दोघींनाही हसू आवरेना. दुकानदार तेवढा हसला नाही. त्याने आपला डबा परत फळीवर ठेवला.

पाण्याकाठी वापरायला परवानगी असलेलं औषध दुकानात नव्हतं, ते मागवावं लागणार होतं. चष्मेवालीने मागवलं, आणि त्याच्याबरोबर पाण्याकाठी चालणारं वेगळं स्टिकर, म्हणजे औषध पानाला चिकटवणारं द्रावणही. ते हातात देताना तिने थोरलीकडून सगळं पाठ म्हणून घेतलं. वारा पडलेला असेल तेव्हाच मारायचं. पानावर मारायचं, पाण्यात नाही. माप लेबलवरचं, मनातलं नाही. लेबलवर सांगितले आहेत तितके दिवस वाफ्याला ते पाणी नाही आणि गाईलाही नाही. आणि एका वेळी काठाचा तिसरा हिस्साच.

"सगळं एकदम का नाही?" थोरलीने विचारलं.

"एवढं तण एकदम मेलं की पाण्यात कुजतं, आणि कुजताना पाण्यातली हवा ओढून घेतं. मासे गुदमरतात. योग्य औषध मारूनही."

थोरलीने मान डोलावली. गेल्या वर्षी माशांना एका बाजूने साबण आणि दुसऱ्या बाजूने गुदमर, असं दोन्हीकडून घेरलं होतं तर. पाणी वाईट नव्हतं. ही एवढी गोष्ट कळली आणि तिला घरी परत जाताना रस्ता लहान वाटला.

आधी हाताचं काम. थोरलीने नवऱ्याला धरलं, धाकटीला धरलं. धाकटी नाक मुरडत आली, पण एकदा गवताचा झुबका मुळासकट हातात आल्यावर तिला चव लागली. "वहिनी, हे उपटताना मी मनात एकेकाचं नाव घेतेय," ती म्हणाली.

"कुणाकुणाचं?"

"सांगितलं तर घरात राहता येणार नाही."

फवारणीच्या सकाळी थोरली उठली ती थेट दोरीपाशी गेली. दोरीवरचे टॉवेल हलत नव्हते. तिने नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, तोंडाला फडकं आणि डोळ्यांना चष्मा चढवला. खास तळ्यासाठी घेतलेल्या नव्या पंपात पाणी भरलं, मापाने औषध घातलं, मापाने स्टिकर घातलं. झाकण लावणार तोच मागून सासूबाई आल्या. मूठ मिटलेली.

"उघड," त्या म्हणाल्या.

"काय?"

"झाकण. विसरलीस तू. नेहमीची ही घाई!" त्यांनी मूठ पंपाच्या तोंडावर नेली.

थोरलीने पंप उचलून पोटाशी धरला, कुणी मूल हिसकावून नेत असावं तसा. "नाही, आई."

ओसरीत दात घासत असलेला दीर थांबला. धाकटी दारात आली. लग्न होऊन आल्यापासून थोरलीने सासूबाईंना नाही म्हटलेलं त्या भिंतींनीसुद्धा ऐकलं नव्हतं.

"अगं, ह्यांची रीत आहे ती. औषध चिकटायला नको?"

"चिकटवायला वेगळं आणलंय. घातलंय. साबण कल्ल्यांना लागला की मासे मरतात, आई."

"आजवर सगळ्या पिकांना घातली. काही मेलं नाही."

"पिकांना कल्ले नव्हते. आणि माशांचे कपडे मुळात स्वच्छच आहेत, त्यांना धुण्याची पावडर कशाला!"

धाकटी फिस्सकन हसली आणि लगेच तोंड दाबून आत पळाली. सासूबाई तशाच उभ्या. मुठीच्या फटीतून पांढरी पूड जमिनीवर गळत होती. थोरलीने पंप सोडला नाही.

"गेल्या वर्षी," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "मी दोन मुठी घातल्या होत्या. तण जाड होतं म्हणून."

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आई. मलाही नव्हतं."

सासूबाईंनी मुठीकडे बघितलं. मग मोरीत गेल्या, पावडर डब्यात परत टाकली, आणि वाया जाऊ नये म्हणून हाताला चिकटलेल्या पुडीत आपला हातरुमाल धुऊन घेतला. बाहेर येऊन दिराला म्हणाल्या, "तू काय बघत उभा आहेस? चूळ भर!"

थोरलीने तिसरा हिस्सा फवारला. नोझल खाली झुकवून, एकेका झुडपाच्या पानाला, अंगाला तेल लावावं तशा सावकाशीने.

मग काहीच झालं नाही. पाणकणसं हिरवीगार. दीर येता जाता विचारायचा, "वहिनी, औषध मारलंत की टॉनिक पाजलंत?" नवरा कानाशी येऊन म्हणाला, "थोडं जास्त मारू या का? कुणाला कळणार नाही."

"माशांना कळेल," थोरली म्हणाली. पण तिचाही जीव टांगणीला लागला होता. ती भांडी घासताना एकच ताट घासत बसायची. अखेर एका दुपारी पानांची टोकं पिवळी दिसली. मग पात्या तपकिरी झाल्या, मग दांडे कलले. तिने ते विळ्याने कापून बाहेर ओढले, आणि बऱ्याच दिवसांनी, पाणी निवळल्याची खात्री झाल्यावर, दुसरा हिस्सा फवारला.

दुसऱ्या हिश्श्याने दगा दिला. तण नेमकं मरायला लागलं आणि आभाळ भरून आलं. ऊन नाही, वारा नाही. मेलेले दांडे काढायला धाकटीही येत होती, पण तेवढ्याने पुरेना. एका पहाटे थोरलीने खिडकी उघडली आणि तिला पाण्यावर बारीक बारीक टपटप ऐकू आलं. पाऊस नव्हता. मासे तोंड वर काढून हवा गिळत होते. काठापासून काठापर्यंत, शेकडो तोंडं.

ती अनवाणीच धावली. पाणी उपसून पुन्हा तळ्यातच कारंज्यासारखं पाडायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते, हे चष्मेवालीने सांगितलं होतं. मोटार तयार होती, पाइपाला भोकं पाडलेली होती. तिने बटण दाबलं. वीज गेलेली.

दीर अंगणात ट्रक भरत होता. खुर्च्या चढल्या होत्या, दिवे चढले होते, आणि सगळ्यात मागे जनरेटर दोरीने बांधून झाला होता.

"भाऊजी, जनरेटर उतरवा."

"अहो वहिनी, सकाळचा कार्यक्रम आहे! शब्द दिलाय मी त्यांना."

"मग जा. तुम्ही परत येईपर्यंत सगळे वर आलेले असतील. शेडची जागा मोकळी होईल तुमची." ती ओरडली नाही. तिचा श्वासच उरला नव्हता. "मी रडणार नाही म्हटलंय, तर रडणार नाही."

दीर ट्रकवर उभ्या उभ्या तळ्याकडे बघत राहिला. तिथून ती तोंडं त्यालाही दिसत असणार. मग त्याने दोरीच्या गाठीला हात घातला, गाठ सुटेना तसा दात लावून सोडली, आणि भावाला ओरडला, "दादा, भात काय कालवत असाल तो ठेवा आणि खालून धरा!"

भात कालवत नव्हता, नवरा धावतच येत होता. दोघांनी जनरेटर उतरवला. दिराने दोरी ओढली. एकदा नुसता खोकला. दुसऱ्यांदा धूर. तिसऱ्यांदा तो असा गरजला की शेजारची गाय उठून उभी राहिली. पाइपातून पाणी उसळलं आणि तळ्यावर फुटून पडायला लागलं. मासे त्या पाण्याखाली झुंडीने जमले. तोवर धाकटी साडी खोचून कमरेइतक्या पाण्यात उतरली होती आणि मेलेले दांडे मिठीत धरून बाहेर फेकत होती. दिराने विजार वर केली आणि तिच्या मागोमाग तोही उतरला. सासूबाई काठावरून हुकूम सोडत होत्या, त्यातला एकही कुणाला ऐकू येत नव्हता.

उजाडून ऊन आलं तेव्हा पाण्यावर एकही तोंड नव्हतं. थोरलीने चार वेळा काठ फिरून बघितला. पांढरं पोट एकही नव्हतं. तिचा जीव भांड्यात पडला आणि ती चिखलातच बसली. दीर शेजारी उभा राहून विजार पिळत होता. "कार्यक्रमवाले माझी पूजा बांधणार आज," तो म्हणाला आणि जनरेटर सोडून, दिवेही सोडून, नुसत्या खुर्च्या घेऊन गेला.

संध्याकाळी परत आला तो शिव्या खाऊन. पण पहिल्यांदा तळ्याकडेच गेला.

जाळं ओढायचा दिवस ठरला तेव्हा दोन हिस्से काठ लख्ख मोकळा होता. तिसरा थोरलीने राहू दिला होता. तिथे पिलं लपतात आणि काठाची मातीही धरून राहते, असं तिचं आता स्वतःचं मत होतं. जाळेवाले चौघे आले. जाळं एका काठाने पाण्यात उतरलं आणि कशातही न अडकता, सरळ रेषेत, तळ्याच्या मध्यापर्यंत गेलं. थोरली बूट घालून गुडघाभर पाण्यात उभी. नवरा तिच्या मागे, पडली तर धरायला, असं त्याचं म्हणणं. जाळं आक्रसत आलं, आणि पाणी उकळायला लागल्यासारखं झालं. मग जाळ्याच्या पोटातून पहिला मासा उसळला. मांडीएवढा जाड, रुपेरी, शेपटीला तांबूस झाक. त्याच्यामागे दुसरा. मग मोजणंच संपलं. एकाने शेपटीने थोरलीच्या गालावर फटकारलं आणि ती हसत सुटली.

"बाप रे!" जाळेवाल्यांचा म्होरक्या ओरडला. "दोघे अजून या इकडे, फाटेल!"

दीर धावला. सासूबाईंनी कधी नव्हे ते पाण्यात पाय घातला आणि जाळ्याचं टोक हातात घेतलं. धाकटी काठावर नाचत होती, अक्षरशः. जाळं काठाला लागलं. हिरवळीवर मासे चमचमत पसरले, आणि शेजारच्या आवारांतून माणसं गोळा झाली. जो तो मासा उचलून बघत होता, वजन करून बघत होता, दुसऱ्याला दाखवत होता. गेल्या वर्षी हेच लोक नाक धरून उभे होते.

"खालपर्यंत पाणी छान आहे तुमचं," म्होरक्या दिराला म्हणाला. अंगणातला सगळ्यांत मोठ्या आवाजाचा पुरुष तोच, म्हणून मालकही तोच असणार. "लहान सोडून देऊ का? आणि पुढचं जाळं कधी ओढायचं, साहेब? आत्ताच ठरवलंत तर बरं."

दिराने ओल्या हाताने कपाळावरचे केस मागे सारले. सासूबाईंकडे बघितलं. त्या या वेळी विषय संपवायच्या फंदात पडल्या नाहीत.

"मला काय विचारता," दीर म्हणाला. "तळं वहिनींचं आहे."

म्होरक्याने पाण्यात उभ्या असलेल्या, गालावर खवले चिकटलेल्या, नवऱ्याच्या जुन्या सदऱ्यातल्या बाईकडे वळून बघितलं.

"लहान सगळे सोडा," थोरली म्हणाली. तिचा आवाज काठावरच्या शेवटच्या माणसापर्यंत गेला. "हळू सोडा, फेकू नका. आणि पुढचं जाळं कधी, ते मी पाणी बघून सांगेन."